अंतर आणि ओळख

दूरची वस्तू जवळ दिसावी, ही माणसाची जुनी हौस. परंतु वस्तू जवळ दिसणे आणि ती किती दूर आहे हे कळणे, या दोन निराळ्या गोष्टी होत. हा भेद मला माझ्या मामांनी शिकविला, तो बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील माळरानांवर.

मामा सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, १९७२ पूर्वी परवान्याची बंदूक बाळगून शिकार करीत. मामांनी बंदूक ठेवली नाही. तिपाईवर बसवावयाची एक दुर्बीण मात्र घेतली. तिच्यातून पाहिले की अधिक चिन्हासारख्या दोन बारीक रेषा दिसतात आणि त्यांवर सारख्या अंतराने ठिपके. रायफलीवरील दुर्बिणीत असतात तेच हे मिल-डॉट. अमेरिकेच्या मरीन दलाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या निष्णात नेमबाजांसाठी ही रचना वापरात आणली.

यातील मिल म्हणजे मैल नव्हे, मिलिमीटरही नव्हे. तो कोन आहे. एका रेडियनचा हजारावा भाग. एक मीटर उंचीची काठी हजार मीटरांवर उभी केली, तर ती एका ठिपक्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत भरते; पाचशे मीटरांवर तीच दोन मिल भरते. म्हणून वस्तूची उंची मीटरांत घ्यावी, हजाराने गुणावी आणि दिसलेल्या मिलने भागावी, की अंतर मिळते. पहिले काही दिवस मामांनी मला जनावराकडे पाहूच दिले नाही. नीरा डाव्या कालव्याच्या कडेला काठी रोवून ते विचारीत, "सांग, किती भरते?" मग साखळीने मोजून पडताळा घ्यावयाचा. त्यांच्या दुर्बिणीत चित्र मोठे केले तरी ठिपके होते तेवढेच राहतात. म्हणून ठरलेल्या एकाच वर्धनावर हिशेब खरा ठरतो, हेही तिथेच समजले.

त्यानंतर आम्ही माळावर गेलो. कालव्याच्या पाण्याखाली ऊस आहे. पाणी चढत नाही तिथे कुसळी गवत, बोरी, बाभळी आणि मुरूम. या भूमीत चिंकारा राहतो. बारामती तालुक्यातील सुपे येथे त्याच्यासाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या कुरणातही चिंकारा आहे, आणि लांडगाही.

चिंकाऱ्याची खांद्यापर्यंतची उंची सुमारे पासष्ट सेंटिमीटर. तो दोन मिल भरला तर ३२५ मीटरांवर आहे. पण तेच जनावर काळवीट असेल, खांद्याला ऐंशी सेंटिमीटर, तर दोन मिलला अंतर ४०० मीटर होते. ठिपके तेच, माप तेच. केवळ ओळखीच्या फरकाने पंचाहत्तर मीटरांचे अंतर पडते. पावसाळ्यानंतर गुडघाभर गवतात पाय झाकलेले असतात, तेव्हा उंची अर्धवटच दिसते. मामा म्हणत, "यंत्र अंतर सांगत नाही रे. जनावर कोणते, केवढे, हे तुला आधी ठाऊक असले, तरच ते बोलते."

या वाक्याचा अर्थ शिकाऱ्याला अधिक कळावा. गोळी सरळ जात नाही; वाटेत ती खाली उतरत जाते. दोन मिलऐवजी १.८ वाचले, तर ३२५ मीटरांचे ३६१ होतात, आणि तेवढ्या फरकाने छातीवर धरलेली गोळी वर जाऊन पाठीला लागू शकते. जखमी जनावर झुडपात जाऊन दिवसभर तडफडते. आजोबा खात्री नसेल तेव्हा बंदूक खाली ठेवीत, असे मामा सांगतात. आज तो प्रश्नच उरलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे, आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली.

मग हे शिक्षण कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. उत्तर त्या माळावरच आहे. वन्यप्राण्यांच्या गणनेची एक पद्धत अशी की, ठरलेल्या सरळ वाटेने चालावे आणि दिसलेला प्रत्येक प्राणी वाटेपासून किती दूर आहे हे टिपावे. त्या आकड्यांवरून, न दिसलेले किती असावेत याचा अंदाज काढता येतो. अंतर चुकले, तर सारी गणना चुकते. जे कौशल्य एके काळी प्राणी पाडण्यासाठी लागे, तेच आज तो आहे हे सिद्ध करण्यासाठी लागते.

आणि हे सिद्ध करणे अगत्याचे आहे. ज्या माळावर पीक नाही त्याला आपण सहज पडीक म्हणतो. तिथे मेंढरे चारणारा धनगर, त्याच्या वाघरीभोवती रात्री घिरट्या घालणारा लांडगा, पहाटे कान टवकारून उभी राहणारी चिंकाऱ्याची मादी, यांची नोंद त्या एका शब्दात मावत नाही. रिकामी म्हणून एखादी जमीन दुसऱ्या कामाला लावणे सोपे असते. तिथे कोण राहते हे मोजून सांगणारा माणूस आधी उभा असला, तर तितके सोपे राहत नाही.

मामांना आता फार चालवत नाही. गेल्या हिवाळ्यात मी एकटाच गेलो आणि परतल्यावर त्यांना वही दाखविली. त्यांनी अंतराचे आकडे नंतर पाहिले, आधी विचारले, "नर होता की मादी?"