कोलंबोच्या उन्हातले गोल्फ

गोल्फ हा मूळचा थंड हवेतला खेळ. स्कॉटलंडच्या समुद्रकाठची वाळूमिश्रित जमीन, मेंढ्यांनी खुरटून ठेवलेले गवत, बोचरा वारा आणि अंगावर लोकरीचे कपडे, अशा वातावरणात तो वाढला. इंग्रज जेथे जेथे गेले तेथे हा खेळ बरोबर घेऊन गेले आणि बहुतेक ठिकाणी त्यांनी तो तेथल्या रणरणत्या उन्हात नेऊन बसवला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटनबाहेर त्याहून जुना गोल्फ क्लब नाही. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८७९ मध्ये, कोलंबोत क्लब निघाला. विषुववृत्तापासून अवघ्या सात अंशांवरच्या या शहरात जानेवारी २०२२ ते सप्टेंबर २०२३ असे एकवीस महिने आमचा मुक्काम होता. नोकरीचे काम सांभाळून आठवड्यातून दोन-तीन सकाळी मी त्या क्लबाच्या मैदानावर खेळत असे.

आमच्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान असल्यामुळे हा खेळ गावाला अगदीच परका नाही. तरीही आपल्या घराघरांतून त्याच्याविषयी कुतूहलापेक्षा थट्टाच अधिक ऐकू येते. एवढासा पांढरा चेंडू काठीने मारत मारत शेकडो पावलांवरच्या खळग्यात घालायचा, मग पुढच्या खळग्याकडे वळायचे, असे अठरा खळगे पुरे करायचे. ज्याला कमीत कमी फटके लागतील त्याची सरशी. यात आठ-नऊ किलोमीटरांची चाल होते आणि चार तास सहज जातात. खेळ म्हणून हे ज्याला पटणार नाही, त्याने त्याला हिशेब ठेवलेली रपेट म्हणावे. माझी हरकत नाही.

बडोद्याचे ऊन भाजते, कोलंबोचे ऊन उकडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, पण हवा कोरडी असल्यामुळे झाडाच्या सावलीत जीव निवतो. कोलंबोत पारा बाराही महिने दुपारी तिसाच्या आसपासच असतो. हे आकडे पत्रातून वाचणाऱ्या आप्तांना तेथे सुखच सुख आहे असे वाटे. परंतु तेथील हवेत समुद्राचा ओलावा इतका की अंगावरचा घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. तिसऱ्या-चौथ्या खळग्यापर्यंत सदरा पाठीला चिकटतो, काठीची मूठ हातातून निसटू लागते, चष्म्याच्या काचा धुरकटतात. म्हणून तेथले जुने खेळाडू दोन-तीन हातमोजे जवळ बाळगतात. एक हातात, बाकीचे पिशवीला अडकवून वाऱ्यावर वाळत घातलेले. डोक्याला रुंद काठाची टोपी, कमरेला पंचा, आणि तहान लागण्यापूर्वी पाणी, हे तेथील पहिले पाठ.

त्याहून महत्त्वाचा पाठ घड्याळाचा. एवढ्या कमी अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत तासाचाही फरक पडत नाही. सूर्य बाराही महिने सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे खेळाची वेळ ऋतूप्रमाणे बदलत नाही. ती एकच, उजाडल्याबरोबरची. सहाला सुरुवात केली की दहापूर्वी सावलीत येता येते. आठ वाजता आरामात निघणारा नवखा पाहुणा बाराव्या खळग्यावर झाडाला टेकलेला दिसे. त्या मैदानावर मी ज्यांना उत्तम खेळाडू म्हणून ओळखले, त्यांचे वय साठीच्या पुढचे होते. त्यांच्या अंगी जोर नव्हता, पण कोठे थांबावे, कोणत्या बाजूने सावलीतून चालावे, कोणता फटका मारूच नये, हे त्यांना ठाऊक होते.

क्लब निघाला तेव्हा खेळ होई तो गॉल फेसवर. समुद्रालगतची ही मोकळी हिरवळ गव्हर्नर सर हेन्री वॉर्ड यांनी तयार करवून घेतली; तिचे काम १८५९ मध्ये पुरे झाले. गर्दी वाढल्यावर, १८९६ मध्ये, क्लब बोरेल्ला भागातील रिजवे लिंक्स या सध्याच्या जागी आला आणि १९२८ मध्ये त्याच्या नावामागे ‘रॉयल’ लागले. या मैदानाची आणखी एक गंमत अशी की त्यातून चक्क रेल्वे जाते. केळणी व्हॅली मार्गाची ही गाडी पूर्वी अरुंद रुळांवरून धावे. १९९०च्या दशकात तेथे रुंद रूळ पडले. सकाळी कचेऱ्यांकडे निघालेल्या माणसांनी दरवाजापर्यंत भरलेली गाडी शिट्टी घालीत निघून जाते, आणि तोवर खेळणारा काठी खाली टेकून उभा राहतो. लटकणाऱ्या माणसांनी आपल्याकडे पाहावे आणि आपण त्यांच्याकडे, असा तो अर्धा मिनिट मोठा विलक्षण वाटे.

मैदानावरच्या पाण्यात कबरगोया असतात. हा आपल्या घोरपडीचा पाणथळ भाऊबंद, पण पुरुषभर आणि त्याहूनही लांब वाढणारा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती मगर वाटते. त्याला माणसाशी कर्तव्य नसते. चेंडूजवळ तो पहुडला असेल तर दूर उभे राहून त्याच्या मर्जीची वाट पाहावी, एवढेच. गवताची ओळख मात्र आपल्या घरातली निघाली. उष्ण देशांत खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीसाठी, म्हणजे ग्रीनसाठी, जे बर्मुडा ग्रास बहुधा लावतात, ते आपल्या हरळीच्या कुळातले. ज्या हरळीच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो तीच. कातरून कितीही बारीक केली तरी ती एका दिशेला कलते. तिच्या कलाने गेलेला चेंडू पळतो, उलट गेलेला अडखळतो. जमिनीचा उतार डोळ्यांना दिसतो. गवताचा कल ओळखायला कोणी तरी शिकवावे लागते.

मला तो शिकवला माझ्या कॅडीने. खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर वाहणारा, चेंडू कोठे पडला ते पाहणारा आणि पुढचा फटका कसा मारावा ते सुचवणारा हा माणूस. माझा कॅडी चाळिशीतला, सडसडीत, मितभाषी. तो मला ‘महत्तया’ म्हणे. सिंहलीत साहेबांना तसे म्हणतात. ग्रीनवर बसून तो बोटाने दाखवी आणि म्हणे, “वम.” मग मान हलवून, “दकुण.” वाम आणि दक्षिण! डावे-उजवे सांगण्यासाठी त्याला माझ्यापाशी इंग्रजीची गरज पडली नाही. फटक्यांची मोजदादही तशीच: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. सिंहली ही आपल्याच आर्यभाषांची दूर बेटावर जाऊन राहिलेली बहीण. तिचा ‘अत’ म्हणजे हात, ‘दत’ म्हणजे दात, ‘कन’ म्हणजे कान आणि ‘गम’ म्हणजे गाव. आपल्या विटीदांडूत वकट, लेंड, मूंड असे दक्षिणेकडचे आकडे मुलांच्या तोंडी राहिले. येथे दक्षिणेच्याही दक्षिणेला माझे फटके आपल्याशा वाटणाऱ्या आकड्यांत मोजले जात होते. घराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना अशा वेळी काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

पावसाचा हिशेब निराळाच. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेपासून, ईशान्येकडचा डिसेंबरपासून. पण खेळणाऱ्याने भ्यावे ते या दोहोंच्या मधल्या महिन्यांना, विशेषतः एप्रिल, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. सकाळ लख्ख असते. दुपारी ढग चढतात आणि बघता बघता कडाडू लागते. मोकळ्या मैदानात हाती लोखंडी काठी घेतलेला माणूस म्हणजे विजेला आमंत्रणच, आणि एकट्या झाडाचा आडोसा त्याहून वाईट. पहिल्या गडगडाटालाच कॅडी पिशवी उचलून क्लबाच्या इमारतीकडे चालू लागे. राहिलेल्या खळग्यांविषयी तो चर्चा करीत नसे.

आम्ही तेथे गेलो त्याच वर्षी श्रीलंकेवर मोठे आर्थिक संकट कोसळले. परकीय चलन संपले, म्हणून इंधन नाही. इंधन नाही, म्हणून वीज नाही. मार्चअखेरीस दिवसाचे तेरा-तेरा तास दिवे जात. स्वयंपाकाचा गॅस, रॉकेल, दुधाची पावडर, सगळ्यांसाठी रांगा. पेट्रोलच्या रांगेत रिक्षावाले रात्री रिक्षातच झोपत. ९ एप्रिलपासून गॉल फेसच्या हिरवळीजवळ तरुणांनी तंबू ठोकले आणि त्या वस्तीला नाव दिले ‘गोटा गो गम’: राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी जावे असे म्हणणाऱ्यांचे गाव. कोलंबोत गोल्फचा पहिला चेंडू उडाला त्या जागेशेजारी आता वाचनालय उभे होते, अन्न शिजत होते, घोषणा चालल्या होत्या. जूनअखेर तर दोन आठवडे अत्यावश्यक सेवांखेरीज कोणालाही इंधन मिळू नये असा हुकूम निघाला. जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले आणि १४ तारखेला त्यांचा राजीनामा आला.

अशा दिवसांत पहाटे टोपी चढवून निघालो असता सौभाग्यवतीने विचारले, “लोक रॉकेलच्या रांगेत उभे आहेत, आणि तुम्ही चेंडू मारायला निघालात?” प्रश्न रास्त होता आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवशी मी मैदानावर गेलो तो कॅडीला सांगायला, की काही दिवस मी येणार नाही. त्याने ऐकून घेतले. मग अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या सिंहलीत तो म्हणाला, “महत्तया, परदेशी लोक निघून गेले. पेट्रोल नाही म्हणून गावातले लोक येत नाहीत. तुम्हीही आला नाहीत, तर मी कोणाची पिशवी उचलू?” कॅडीला मिळते ती फेरीची मजुरी. खेळणारा आला तर पैसे, नाही तर दिवस रिकामा. त्याच्या बसेस बंद पडल्यामुळे तो पहाटे चारला उठून पायी येत होता.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी विचार केला. आमचे घर मैदानापासून चालत अर्ध्या तासावर होते. तेव्हा पेट्रोलचा थेंबही न वापरता मी पायी जावे, आठवड्याचे दिवस कमी न करता वाढवावे, आणि मजुरी वाढत्या भावांकडे पाहून द्यावी, असे ठरले. सौभाग्यवती त्याच्यासाठी पोळीभाजीचा डबा देऊ लागली. नऊ खळगे झाल्यावर आम्ही दोघे झाडाखाली बसत असू. तो विळ्याने तंबिली फोडी. तंबिली म्हणजे केशरी सालीचे, त्या बेटाचेच म्हणावे असे शहाळे. डबा तो निम्मा खाई आणि निम्मा रुमालात बांधून मुलीसाठी ठेवी. दुसऱ्या आठवड्यापासून डबा मोठा झाला; कोणी कोणाला काही बोलले नाही.

पुढच्या वर्षी इंधन सुरळीत मिळू लागले, तेव्हा आम्ही आगगाडीने नुवारा एळियाला जाऊन आलो. सहा हजार फुटांवरचे हे थंड गाव, चहाच्या मळ्यांनी वेढलेले. तेथील गोल्फ क्लब १८८९ सालचा आणि मैदान गावाच्या मध्यातून वळणे घेत जाणारे. स्वेटर घालून दुपारी बारा वाजता खेळलो, घामाचा टिपूस नाही. सगळे सुरेख होते. तरी संध्याकाळी माझ्या ध्यानात आले की दिवसभरात मी एकदाही आकाशाकडे, सावलीकडे की शेजारच्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले नव्हते. तशी गरजच पडली नव्हती. कोलंबोत ती क्षणोक्षणी पडे. तेथल्या हवेत एकट्याच्या हिमतीवर कोणी अठरा खळगे पुरे करीत नाही; कोणी सावली दाखवतो, कोणी पाणी पुढे करतो, कोणी वीज ओळखतो.

चार दिवसांच्या प्रवाशाला त्या देशाचे ऊन म्हणजे गैरसोय. दीर्घकाळ राहणाऱ्याला तेच ऊन तेथल्या माणसांच्या दिनक्रमात नेऊन बसवते: त्यांच्याबरोबर पहाटे उठणे, दहाला थांबणे, ढग पाहून घरी वळणे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कधी काळी परमुलखात बिऱ्हाड थाटले, त्या आपल्या घरांना ही गोष्ट नवी नाही. माझे फटके एकवीस महिन्यांत फारसे कमी झाले नाहीत. कॅडीची मुलगी मात्र शाळेत टिकली आणि आम्ही परतलो त्या वर्षी वरच्या वर्गात गेली. अजूनही नव्या वर्षाला, म्हणजे एप्रिलात, त्याचा फोन येतो. सौभाग्यवती प्रथम मुलीचा अभ्यास विचारते, आणि मग मी विचारतो, ग्रीनवर गवत कोणत्या बाजूला कलले आहे.