गाडी आणि गाळी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या बंपरवर लेख लिहावा, याचे काही जणांना नवल वाटेल. परंतु जमाखर्चातला जो धडा मला दोन वर्षे वर्गात बसून उमगला नव्हता, तो एका जुन्या मोटारीने शिकवला. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे वडील फाउंड्रीत कामाला आहेत. फीला हातभार म्हणून बारावीपासून मी उद्यमबागेजवळच्या एका गॅरेजची वही संध्याकाळी लिहितो. गॅरेजचे मेस्त्री कन्नड, मी मराठी शाळेतला. त्यांचे वाक्य कन्नडमध्ये सुरू होऊन मराठीत संपते, माझे उलट. आम्हा बेळगावकरांना यात विशेष काही वाटत नाही.

वही लिहिता लिहिता हात हत्यारांकडे वळले. त्यातही फायबरच्या कामाची गोडी लागली. साच्याला मेण लावायचे, काचतंतूची चटई कापून अंथरायची, तिच्यावर रेझिन ब्रशने मुरवायचे आणि मधली हवा रोलरने काढून टाकायची. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट मिसळायचे, ते पूर्ण मिसळल्यावरच हार्डनर घालायचे. ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट ओतली तर भडका उडू शकतो. हे मेस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी दोन्ही भाषांत बजावले होते. अंगाला सुटणारी खाज सोडली तर काम मोठे आनंदाचे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये टिळकवाडीचे एक डॉक्टर आपली सॅन स्टॉर्म घेऊन आले. ही गोव्यात तयार झालेली, गेल्या शतकाच्या अखेरीस बाजारात आलेली स्पोर्ट्स कार. जागा दोनच माणसांची, अंग फायबरचे, इंजिन रेनॉचे. अशा गाड्या आता क्वचितच दिसतात. डॉक्टरांचा तिच्यावर फार जीव. ट्रॉलीचा धक्का लागून तिच्या पुढच्या बंपरला मोठी चीर गेली होती. लोखंडी गार्डच बसवू का, असे त्यांनी विचारले. मेस्त्रींनी साफ नकार दिला. अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्याविषयी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. बंपरने धक्का थोडाफार तरी पोटात घ्यावा; गार्ड तो थेट गाडीच्या सांगाड्याला पोहोचवतो आणि समोरच्या पादचाऱ्याला लोखंडाचा तडाखा देतो. तेव्हा चीर सांधायची, रंग द्यायचा, एवढेच ठरले. दुसऱ्या दिवशी मेस्त्री भाचीच्या लग्नासाठी गोकाकला गेले आणि गॅरेजची चावी माझ्या हाती आली.

इथे माझ्या अंगात कलावंत संचारला. चीर सांधताना वाटले, हे तोंड किती जुनाट दिसते! बंपरखालचे हवेचे भोक सुमारे पाच इंच उंच होते. ते दोन इंचांवर आणले, वर बारीक जाळी लावली आणि दोन बाजूंना फॉग लॅम्प बसवले, तर गाडी परदेशी दिसेल. मी कागदावर चित्र काढून डॉक्टरांना मोबाईलवर पाठवले. “मेस्त्रींना विचारलंस ना?” असे त्यांनी विचारले. मी “हो” म्हणालो. या लेखातले सर्वांत महाग अक्षर तेच.

चार रात्री जागून मी बंपर केला. आतल्या बाजूला दोन उभी फायबरची पाने होती, ती माझ्या नव्या आकाराच्या आड येत होती. ती कापून मी भंगारात टाकली. पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून, रंग देऊन गाडी उन्हात उभी केली, तेव्हा रस्त्याने जाणारे थांबून बघू लागले. मेस्त्री परतण्याआधीच डॉक्टर गाडी घेऊन गेले. वहीत मी ९,५०० रुपये जमा लिहिले आणि ते अक्षरही त्या दिवशी जरा जास्तच वळणदार काढले.

मे महिन्यात डॉक्टर आपल्या लहान मुलीला घेऊन गोव्याला गेले. येताना साखळी, केरी सोडून चोर्ल्याचा चढ लागला आणि अर्ध्या घाटात काटा लाल रेषेवर गेला. वळणावर गाडी बंद पडली. बॉनेटमधून वाफ येत होती, अंधार पडलेला, मोबाईलला रेंज नाही. दोन तास बापलेक रस्त्याच्या कडेला उभे होते. शेवटी एका टेम्पोवाल्याने मदत केली.

दुसऱ्या दिवशी गाडी दोरीने ओढत गॅरेजात आली. हेड गॅस्केट गेले होते. डॉक्टर मेस्त्रींवर संतापले. “इतकी वर्षं डोळे मिटून गाडी तुमच्या स्वाधीन करतोय. माझी पोर त्या अंधारात रडत होती!” मेस्त्रींनी वाकून बंपर पाहिला, आत हात घालून रिकामी जागा चाचपली. सारे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. एवढेच म्हणाले, “काम आमच्या गॅरेजचं आहे, डॉक्टर. जबाबदारी माझी.”

मी वही उघडून टेबलाशी बसलो होतो. गप्प राहिलो असतो तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण समोर ९,५०० चा तो वळणदार आकडा दिसत होता. मी उठलो. आधी डॉक्टरांना मराठीत सांगितले की, काम माझे आहे, मेस्त्रींना काही ठाऊक नव्हते, मी तुमच्याशी खोटे बोललो. मग मेस्त्रींकडे वळून “तप्पु नंद री,” एवढेच म्हणालो. एकच चूक दोन भाषांत कबूल करावी लागली. मराठीत शरम वाटली. कन्नडमध्ये डोळ्यांत पाणी आले, कारण समोर मेस्त्री होते.

डॉक्टर काही न बोलता निघून गेले. मेस्त्री रागावतील असे वाटले होते. त्यांनी देव्हाऱ्यातली एक उदबत्ती पेटवली, रेडिएटरचा पंखा बॅटरीवर चालू केला आणि उदबत्ती बंपरच्या भोकापाशी धरली. थोडा धूर आत गेला; बाकीचा जाळीवर आपटून बाजूला पसरला. मग त्यांनी ती आत, कापलेल्या पानांच्या जागी धरली. तिथला धूर इंजिनाच्या बाजूने येऊन रेडिएटरच्या पुढच्या अंगाला वळत होता. म्हणजे पंखा बाहेरची थंड हवा ओढण्याऐवजी इंजिनाचीच गरम हवा फिरूनफिरून घेत होता. “गाळी एल्लि होगबेकु, तम्मा?” त्यांनी विचारले. वाऱ्याने जायचे कुठून?

कन्नडमध्ये वाऱ्याला ‘गाळी’ म्हणतात. गाडी आणि गाळी यांत एका अक्षराचा फरक. मी गाडी सजवली आणि गाळी विसरलो. वाऱ्याला सोपी वाट मिळाली की तो तिकडेच जातो, म्हणून ती पाने होती. घाटात गाडी सावकाश चढते, इंजिनावर ताण असतो आणि समोरचा वारा कमी. तिथेच त्यांची खरी गरज.

पुढे वाचनात आले की मोठमोठ्यांनाही बंपर असाच महाग पडला आहे. एमजीबी ही इंग्लंडची नामांकित स्पोर्ट्स कार. अमेरिकेतल्या नव्या नियमांसाठी १९७४ मध्ये तिला चकचकीत बंपरऐवजी काळे, जाड रबरी बंपर लावले. दिव्यांच्या उंचीचा नियम पाळण्यासाठी गाडीही सुमारे एक इंच उचलली. त्यामुळे वळणावर ती पूर्वीपेक्षा अधिक कलू लागली. आजही काही हौशी मालक पदरमोड करून जुने बंपर पुन्हा बसवून घेतात.

आम्ही भोक पूर्ववत केले, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नवी पाने बसवली, फटींना फोमची पट्टी लावली. मग मेस्त्री आणि मी केरीपर्यंत उतरून भर दुपारी घाट चढलो. काटा मध्यावरून हलला नाही. वर आल्यावर मेस्त्रींनी चहा पाजला.

प्रश्न उरला खर्चाचा. गॅस्केट, हेडचे काम, फायबर, पत्रा मिळून १४,२०० रुपये झाले. मी सगळी रक्कम माझ्या नावे टाकू लागलो. मेस्त्री म्हणाले, “निम्मे तुझ्या नावे, निम्मे गॅरेजच्या. चूक तुझी, पण चावी मी दिली होती की.” अजून दरमहा माझ्या पगारातून त्यातले ५०० रुपये वळते होतात.

डॉक्टर महिनाभर फिरकले नाहीत. जूनमध्ये ते ऑइल बदलायला आले. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, “मेस्त्रींना विचारून कर हं.” मी म्हणालो, “विचारतो.” आणि खरोखरच विचारले.

वर्गात सरांनी शिकवले होते की, विकत घेतलेला नावलौकिक ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येतो, स्वतः कमावलेला दाखवता येत नाही. परीक्षेसाठी मी ते पाठ केले होते; असे का, हे कळत नव्हते. आता कळते. मेस्त्रींनी वर्षानुवर्षे जे कमावले होते, त्याची नोंद माझ्या वहीत कुठेच नव्हती. म्हणूनच माझ्या एका ‘हो’ने त्यातले किती खर्ची पडले, याचाही आकडा मला काढता येत नाही.