आबांचं तांदूळ निवडणं

दापोली,
१९ फेब्रुवारी

चि. बाळास,

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, आबा रोज रात्री तांदूळ का गं निवडत बसायचे? पाकिटातल्या तांदळात खडे कुठे असतात?" बोलणं अर्धवट राहिलं. आज बाहेर शिवजयंतीची मिरवणूक चाललीय. आबांसाठी मात्र ही तारीख वेगळीच होती.

१९४६ साली आबा अठरा वर्षांचे, मुंबई बंदरात नौदलाच्या सुरुंग काढणाऱ्या एका छोट्या बोटीवर खलाशी. जेवणात खड्यांचा भात आणि पाण्यासारखी डाळ. कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन केंद्रातही तीच गत. वर गोऱ्या कमांडरच्या वंशावरून शिव्या. तिथल्या बलाईचंद दत्त या बिनतारीवाल्यानं भिंतींवर 'जय हिंद' रंगवलं म्हणून त्याला पकडलं होतं. १८ फेब्रुवारीला 'तलवार'वरच्या पोरांनी ताटं बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी आबांची बोट संपात उतरली. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० खलाशी. काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल, असे तिन्ही बावटे एकाच डोलकाठीवर चढले.

२१ला कॅसल बराकीपाशी गोळीबार झाला. जहाजांवरचं अन्न संपत आलेलं. तेव्हा मुंबईची माणसं पाव, फळं, डबे घेऊन गेटवेला धावली. आबांच्या बोटीवरून होडी गेली, तिच्यात आबा होते. एका म्हातारीनं फडक्यात बांधलेला भात त्यांच्या हातात ठेवला. "एक खडा नव्हता गं त्यात," हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज बसायचा.

दुसऱ्या दिवशी परळ-लालबागचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसं गोळ्यांना बळी पडली. २३ला पुढाऱ्यांच्या सल्ल्यावरून खलाशांनी संप मागे घेतला. मग आबा मुलुंडच्या छावणीत कैदेत, आणि तिथून थेट घरी. स्वातंत्र्य आलं, पण बडतर्फ खलाशांना ना भारताच्या नौदलानं परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. आबांनी एस.टी.त तिकिटं फाडली. समुद्राविषयी कधी कुरकुर केली नाही.

एकदा मीच वैतागून म्हटलं, "आबा, आता नसतात हो खडे." तर म्हणाले, "नसू देत. त्या म्हातारीनं कुणासाठी निवडला होता तो तांदूळ? मी तिचा कोण होतो?"

तू लिहितोस, तुझ्या खोलीवर तीन देशांची पोरं एकत्र जेवतात आणि भात तूच लावतोस. पुढच्या खेपेला आलास की कुलाब्याला खलाशांच्या उठावाचं स्मारक आहे, तिथे दोघं जाऊ. तोवर भात लावण्याआधी तांदळावरून एकदा हात फिरवत जा.

तुझी,
आत्या