मंतरलेल्या तलवारीचा हिशेब

भुकूम मागे टाकून घाट उतरला की पिरंगुट येते. कारखान्यांच्या पाळ्या सुटताना येथल्या रस्त्याला जो गजबजाट असतो तो रविवारी दुपारी नसतो. या निवांत वेळी माझ्या घराच्या ओसरीवर चार-पाच मुले फासे घेऊन बसतात. माझा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. हे सारे त्याचे मित्र. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा त्यांचा खेळ अमेरिकेत 1974 साली प्रथम प्रसिद्ध झाला. मुलांकडे मात्र 2003 सालची नियमपुस्तके आहेत, कुणाच्या तरी थोरल्या भावाकडून आलेली, पाने सुटलेली. नव्या आवृत्त्या असताना जुन्यांवर एवढी निष्ठा का, असे मी विचारले तेव्हा "मामा, यात हिशेब नीट आहे," असे उत्तर मिळाले. जुनी पाठ्यपुस्तके कवटाळून बसणाऱ्या माझ्यासारख्याने त्यावर काय बोलावे?

एका रविवारी हा नीट हिशेबच भाच्याच्या अंगाशी आला. त्याचे पात्र सहाव्या पातळीचे, परंतु तीन पातळ्या क्लेरिकच्या, म्हणजे देवाकडून शक्ती मागणाऱ्या पुरोहिताच्या, आणि तीन विझर्डच्या, म्हणजे पोथ्या घोकून विद्या मिळवणाऱ्याच्या. त्याला आपल्या टोळीसाठी एक तलवार मंतरायची होती. शस्त्र मंतरण्याचे कौशल्य घ्यायला मंत्रसामर्थ्याची पाचवी पातळी लागते. भाचा म्हणाला, माझी सहावी आहे. खेळ चालवणाऱ्या मुलाने पुस्तक उघडून दाखवले: मंत्रसामर्थ्य प्रत्येक विद्येचे वेगळे मोजायचे. तू इकडे तिसरा, तिकडेही तिसरा. तीन आणि तीन सहा होत नाहीत.

मी आत स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. ते वाक्य ऐकून हात थबकला, हे कबूल करतो.

याचे कारण खाजगी आहे. एका महाविद्यालयात सहा वर्षे आणि दुसऱ्यात सात वर्षे मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवले आहे. पुढे एका मुलाखतीत या तेरा वर्षांचे काय होते असे मी विचारले, तेव्हा समितीतील एका गृहस्थांनी अतिशय सौम्यपणे सांगितले की दोन्हीकडचा अनुभव एकत्र धरता येत नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. नियम वाचून दाखवणाऱ्याशी वाद घालता येत नाही, हे भाच्यालाही त्या दिवशी कळले. असो.

पुढे मीच ती पुस्तके चाळली. तलवारीवरच्या सामान्य मंतरणीची किंमत, मूळ तलवार सोडून, दोन हजार मोहरा. पैकी निम्म्या मोहरा घडणावळीला लागतात. मला गुंतवून टाकले ते त्यापुढच्या कलमाने. किमतीचा पंचविसावा भाग, म्हणजे ऐंशी अंश, घडवणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवातून वजा होतो. वस्तूत जी शक्ती येते ती कुणाच्या तरी आयुष्यातून कमी झालेली असते. ज्याने हा नियम लिहिला तो मला हिशेबनीसापेक्षा कवी अधिक वाटतो.

इंग्रजीतील 'एन्चांट' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील गाण्याचा धातू आहे. एखाद्यावर गाणे म्हणजे त्याला भारणे. आपल्याकडे 'मंतरणे' आहेच. मराठीत याचा मोठा खजिना म्हणजे धुंडीसुत मालूचा 'नवनाथ भक्तिसार', इ.स. 1819 मधला चाळीस अध्यायांचा ग्रंथ. मच्छिंद्रनाथांनी मंतरून दिलेले भस्म ती निपुत्रिक बाई उकिरड्यावर टाकते, आणि बारा वर्षांनी तेथूनच गोरक्ष उभा राहतो. घेणाऱ्याचा विश्वास नसला तरी वस्तूतले सामर्थ्य ओसरत नाही. गहिनीनाथांची कथा तर याहून सुरस आहे. गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करीत बसलेला असताना गावची पोरे चिखलाचा गाडीवान करून मागतात. तोंडात मंत्र आणि हातात माती. ध्यानीमनी नसताना पुतळा जिवंत होतो.

मात्र मालू खाती वेगळी ठेवत नाही. मच्छिंद्र दत्तात्रेयांचा शिष्य. पुढे तो एकेका दैवताकडून वर मिळवत जातो, आणि ते सारे शाबरी विद्येत एकत्र नांदतात. अमुक सामर्थ्य कुणाकडचे, असा जमाखर्च तेथे कुणी मागत नाही. खेळाच्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीचा कल मला थोडा या बाजूचा वाटतो. तेथे दोन विद्यांच्या पातळ्या मिळून मंत्रशक्तीचा साठा ठरतो, आणि वस्तू घडवण्यासाठी पात्राची एकूण पातळी पाहतात; ठाऊक असलेले मंत्र मात्र विद्येगणिक वेगळेच राहतात. भाच्याला मी हे सांगितले. "ते फार सोपं केलंय," म्हणाला. ज्या नियमाने त्याला अडवले होते त्याचीच तो तरफदारी करीत होता, याचे मला नवल वाटले.

जुन्या पुस्तकातही त्याच्यासाठी एक वाट आहे. 'मिस्टिक थर्ज' नावाची, दोन्ही विद्या सोबत वाढवणारी. दोन्हींकडचे दुसऱ्या श्रेणीचे मंत्र येत असले आणि जुजबी अभ्यास असला की तीत शिरता येते. भाचा नेमका त्याच उंबरठ्यावर होता. त्या वाटेने दोन पातळ्या चढला की दोन्हीकडे पाचवा. म्हणजे नुसत्या विझर्डाला पाचव्या पातळीवर जे साधते ते याला आठव्यावर. तीन पातळ्यांचा उशीर. मी वहीच्या कोपऱ्यात ही वजाबाकी मांडली. माझी पंचेचाळिशी जवळ आली आहे, तेव्हा कोणती वजाबाकी करीत होतो ते वेगळे सांगायला नको.

तलवार मात्र तेवढी थांबणार नव्हती. शेवटी पोरांनी सहकार्याचे कलम शोधून काढले. अनेकांनी मिळून वस्तू घडवता येते. एकाने कौशल्य आणावे, दुसऱ्याने लागणारा मंत्र पुरवावा. टोळीतला दुसरा मुलगा निव्वळ विझर्ड होता, त्याच्याकडे कौशल्य होते. तलवारीला हवा असलेला देवाघरचा मंत्र भाच्याकडे होता. पण निर्माता म्हणून एकाचेच नाव ठरवावे लागते, आणि अनुभवही त्याचाच खर्ची पडतो.

पुढच्या रविवारी तलवार तयार झाली. वहीत निर्माता म्हणून त्या मुलाच्या पात्राचे नाव होते. मुले गेल्यावर वही उचलून ठेवताना मी पाहिले, समासात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, भाच्याने आपल्या पात्राचेही नाव घातले होते.