दोन काडतुसे

मृगाचा पहिला पाऊस परतवाड्यावर पडून गेला होता. सायंप्रार्थना आटोपून मी धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर बसलो होतो. गाविलगडाच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि सागाच्या वखारींकडून ओल्या भुशाचा वास येत होता. अशा प्रसन्न वेळी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याचा निरोप आला. "फादरमामा, मला शिकारीचा परवाना मिळाला. आता नवी रायफल घ्यायची आहे. सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमची घेऊ की तीनशे विंचेस्टर मॅग्नमची? इथे दहा जण दहा सल्ले देतात. तुम्ही लहानपणी आजोबांबरोबर जागलीला जात होता, म्हणून तुम्हांला विचारतो."

मला हसू आले. भाच्याने प्रश्न विचारला तो नेमका अशा माणसाला, की ज्याच्या व्यवसायाला शिकार शेकडो वर्षे वर्ज्य होती. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकारीची मनाई केली. १९१७ च्या धर्मविधिसंहितेच्या १३८ व्या कलमानेही धर्मगुरूंनी शिकारीच्या नादी लागू नये, आणि हाकाऱ्यांच्या गलबल्याची शिकार तर कधीच करू नये, असे बजावले होते. १९८३ च्या नव्या संहितेत शिकारीचा वेगळा उल्लेख उरला नाही. परंतु पदाला न शोभणारे टाळावे, हा दंडक कायम आहे. तेव्हा रायफलीविषयी मत देणे मला कितपत शोभते, हाच पहिला प्रश्न होता.

परंतु भाचा हा भाचा असतो. शिवाय सेमिनरीत लागलेली सवय अशी, की प्रश्न समोर आला म्हणजे त्याची दोन्ही अंगे पाहिल्याखेरीज चैन पडत नाही. मी वाचू लागलो.

पहिल्यांदा अडलो तो 'मॅग्नम' या शब्दावर. हा आमच्या लॅटिनमधला जुना सोबती. पवित्र मरियेच्या स्तुतिगीताला आपण 'मॅग्निफिकात' म्हणतो ते याच धातूवरून, आणि पशुपक्ष्यांविषयी मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या संत आल्बर्टला जगाने 'माग्नुस', म्हणजे थोर, म्हटले तेही यावरूनच. पुढे द्राक्षमद्याच्या नेहमीच्या दुप्पट, दीड लिटरच्या बाटलीला मॅग्नम म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बंदूककारांनी तोच शब्द अधिक दारू मावणाऱ्या काडतुसाला लावला. शब्दांचाही असा प्रवास होतो. कुठे मरियेचे गीत आणि कुठे दारूने ठासलेले पितळ!

रायफल ज्या काडतुसासाठी घडवलेली असते, तेच तिच्यात चालते. म्हणून रायफल घेण्याआधी काडतूस ठरवावे लागते. भाच्याच्या मनातली दोन्ही काडतुसे अमेरिकन. रेमिंग्टनचे १९६२ सालचे, विंचेस्टरचे १९६३ चे. दोघांचे कुळ एकच. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड यांनी १९१२ साली पॉइंट तीनशे पंच्याहत्तरचे मॅग्नम काडतूस काढले, त्याच्या बुडाशी पितळेचा एक उंच पट्टा होता. ते काडतूस लांब आणि निमुळते. त्याला खांदा जवळजवळ नव्हताच. नळीत ते नेमक्या जागी अडावे, यासाठी पट्टा हवा होता. पुढच्या या दोन वंशजांना चांगला रुंद खांदा आला, पट्ट्याची तितकी निकड राहिली नाही. तरी पट्टा राहिला. कारण संपले तरी रीत कशी टिकते, याचा आम्हां धर्मगुरूंनाही थोडा अनुभव आहे.

आता फरक पाहावा. पहिल्याची गोळी ७.२ मिलिमीटर जाडीची, दुसऱ्याची ७.८. पहिल्याची नेहमीची गोळी सुमारे १० ग्रॅमची, दुसऱ्याची पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. दोन्ही नळीबाहेर पडतात त्या सेकंदाला ९०० मीटरच्या जवळपास वेगाने. दुसऱ्याचा जोर पहिल्याहून सुमारे आठव्या हिश्श्याने अधिक. पण झाडणाऱ्याच्या खांद्याला बसणारा त्याचा धक्का मात्र पाव हिश्श्याने अधिक. भाच्याला ज्याची शिकार करायची तो वापिटी, आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणावा असा, तीनशे किलोंचा प्राणी. योग्य जागी बसल्यास त्याला ही पुरते आणि तीही पुरते. अयोग्य जागी बसल्यास दोन्ही सारखीच निरुपयोगी. एवढ्या फरकासाठी शहाणी माणसे साठ वर्षे वाद घालीत आली आहेत.

वाचता वाचता जिम कॉर्बेट आठवले. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर त्यांना रिग्बी कंपनीची पॉइंट दोनशे पंच्याहत्तरची रायफल भेट मिळाली. तिचे काडतूस जर्मन माउझरचे, भाच्याच्या पहिल्या काडतुसाच्याच जाडीच्या गोळीचे. पण मॅग्नम नव्हे, वेगालाही बरेच कमी. १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी मारला तो याच रायफलीने. त्याआधी रात्रीमागून रात्री ते झाडावर बसून राहिले होते. त्या बिबट्याला काडतुसाच्या मोठेपणाने मारले नाही; बसून राहण्याने मारले.

इथवर लिहून भाच्याला पाठवावे आणि मोकळे व्हावे, असे ठरवले. पण हात पुढे जाईना. कारण 'आजोबांबरोबर जागलीला जात होता' हे त्याचे वाक्य मनात रुतून बसले होते. आजोबांनी पुढे बंदूक का सोडली, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. त्यातला माझा वाटा तर मी कोणालाच सांगितला नव्हता.

१९८१ साल असावे. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे शेत. कपाशीत तुरीच्या ओळी. बाबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची एकनळी बंदूक होती. पिके भरात आली की रानडुकरांचे कळप डोंगरातून उतरत आणि बाबा रात्री मचाणावर जागलीला जात. नाताळाच्या सुट्टीत मीही हट्टाने जाई. त्या रात्री बाबांच्या खिशात दोनच काडतुसे होती, एक एलजी आणि एक एसजी. एलजीतले छर्रे मोठे, पण थोडे. एसजीतले किंचित लहान, पण संख्येने अधिक. दोहोंच्या जाडीत एक मिलिमीटरचेही अंतर नाही. एकनळीत कोणते भरावे, यावर आम्हां बापलेकांची कितीतरी वेळ कुजबुज चालली होती. शेवटी एसजी भरले.

उत्तररात्री चांदण्यात एक मोठा सुळेवाला नर तुरीतून बाहेर आला. बाबांचा नियम असे : तीस पावलांपलीकडे घोडा ओढायचा नाही. तो साठ पावलांवर तरी होता. बाबांनी बंदूक खाली घेतली. मी त्यांच्या बाहीला झोंबलो. "मारा नं बाबा, मारा!" माझ्या त्या आवाजात काय होते कोण जाणे; मुलासमोर आपण भ्यालो असे दिसू नये, असे त्यांना वाटले असेल. त्यांनी बंदूक उचलली आणि बार काढला. डुक्कर किंचाळला, कोलमडला, उठला आणि तुरीत शिरला.

रात्री जखमी डुकरामागे तुरीत जाणे म्हणजे मरणाला बोलावणे. बाबा उजाडण्याची वाट पाहत बसले. पण उजाडता उजाडता पलीकडच्या पायवाटेने कापूस वेचणाऱ्या बाया शेतात शिरल्या. बाबांनी ओरडून हात हलवले. अंतर फार होते. डुकराने पहिलीच्या मांडीवर सुळा चालवला. बंडी जुंपून तिला दवाखान्यात नेले. ती वाचली, परंतु जन्मभर लंगडत चालली. डुक्कर दुपारी नाल्यात सापडला. दोन छर्रे पोटात लागले होते. बाकीचे कुठे गेले, ते तुरीलाच ठाऊक.

बाबांनी तिच्या घरी दर वर्षी ज्वारी आणि तूर पोहोचवली. तिने आम्हांला कधी शब्दाने दुखावले नाही. त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत परवानाधारकांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघाला. बाबांनी बंदूक जमा केली आणि परत आणायला गेले नाहीत. काही वर्षांनी मी धीर करून विचारले, "एलजी भरलं असतं तर?" ते म्हणाले, "काडतूस कोनतंबी टाक. अंतर चुकलं तं सारंच चुकलं." माझ्या त्या 'मारा नं'बद्दल ते कधीच बोलले नाहीत. त्या नाताळच्या पापनिवेदनात मी साखर चोरल्याचे सांगितले होते; हे सांगितले नव्हते.

ही सारी हकीकत मी भाच्याला लिहिली. सोबत संत ह्युबर्टची आठवण दिली. आठव्या शतकातील हा बिशप शिकाऱ्यांचा आश्रयदाता संत; ३ नोव्हेंबर त्याचा सण. तरुणपणी शिकारीच्या छंदात देवाला विसरलेल्या ह्युबर्टला हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, अशी आख्यायिका आहे. ख्रिस्तसभेने शिकाऱ्यांना संत दिला, तो शिकार करता करता थबकलेला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. अन्नासाठी प्राणी मारण्यास आपली धर्मशिकवण मना करीत नाही. परंतु विनाकारण त्याला यातना देणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, असे ती स्पष्ट सांगते. मग शेवटी त्याच्या प्रश्नाचे उत्तर लिहिले : "ज्याचा धक्का तुला डोळे न मिटता सोसेल, ते घे. माझ्या मते सात मिलिमीटरचे. मग कागदावर इतक्या गोळ्या झाड, की आपण किती अंतरापर्यंत चुकत नाही, हे तुला कळेल. त्या अंतरापलीकडे कोणी कितीही 'मार' म्हणाले, तरी मारू नकोस. आणि मारलेस, तर त्याच्यापर्यंत गेल्याशिवाय घरी येऊ नकोस."

नोव्हेंबरात त्याचा निरोप आला. वापिटी मिळाला नव्हता. एक हरीण मिळाले होते. ते चाळीस पावले जाऊन पडले. तो त्याच्याजवळ बर्फात बराच वेळ बसला होता. हिवाळ्याचे मांस घरी आले, मुले आनंदली. पण खाली एक ओळ होती : "फादरमामा, हे पापनिवेदनात सांगायचे असते का?" मी लिहिले, "पाप म्हणून नव्हे. पण हा प्रश्न जपून ठेव."

भाच्याला उपदेश करणे सोपे होते. परतवाड्यात तो इतका सोपा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील हौशी शिकार संपली. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. आणि हे योग्यच झाले. पण डोंगराखालच्या शेतकऱ्याची रात्र संपली नाही. डुकरांनी आणि रोह्यांनी हैराण होऊन कित्येकांनी ज्वारी पेरणेच सोडले. कायद्याच्या ११ व्या कलमात पिकाची नासाडी करणारे जनावर मारण्यास लेखी परवानगी देण्याची सोय आहे, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर व रोही यांच्यासाठी तिची पद्धतही ठरवून दिली. मारलेले जनावर शासनाचे असते; घरी न्यायचे नसते. पण बंदूक किती जणांकडे आहे, आणि नेम किती जणांचा? मग कोणी कुंपणात वीज सोडतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यात अशाच कुंपणाला लागून एक वाघीण मेली. तिने माणसे मारली होती आणि तिला गोळी घालण्याचा आदेशही निघाला होता. पण तिला गाठले ते गोळीने नव्हे, त्या तारेने. तारेला अंतर कळत नाही, आणि समोर कोण आहे हेही कळत नाही.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी प्रवचनात तारेविरुद्ध बोललो. मिस्सानंतर धर्मग्रामातला एक शेतकरी दाराशी थांबला. त्याच्या तीन एकर तुरीची एक बाजू आठवड्यात आडवी झाली होती. तो रागावला नव्हता, थकला होता. "फादर, दयेचं तुमी सांगता थे खरं हाये," तो म्हणाला, "पन तूर कोन राखन?"

मला उत्तर सुचले नाही. ते पवित्र शास्त्रात शोधू गेलो असतो तर सापडलेही असते; पण त्याला वचन नको होते, माणूस हवा होता. त्याचा मुलगा कामासाठी पुण्यास गेला आहे. एकटा माणूस रोज रात्रभर जागू शकत नाही, आणि जागू शकत नाही म्हणून तार सोडतो. मी विचारले, "आज जागलीला कोण आहे?" तो म्हणाला, "मी एकलाच."

त्या रात्री मी गेलो. बॅटरी, रिकामा डबा, एक काठी आणि खिशात जपमाळ. पहाटे तीनच्या सुमारास तुरीत खसफस झाली. आम्ही दोघांनी डबा बडवला, ओरडलो, आणि कळप नाल्याकडे पळाला. फार मोठे काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी तरुण मंडळाच्या मुलांना मी हे सांगितले, तेव्हा चौघांनी आठवड्याची एकेक रात्र वाटून घेतली. तीन रात्री अजून रिकाम्या आहेत. एक माझी आहे. उरलेल्या दोन रात्रींसाठी नावे हवी आहेत.