अर्थिंग

बरेच दिवस रेंगाळलेलं काम परवाच्या रविवारी उरकलं. बाबांच्या जुन्या मारुती ८०० मध्ये अँप्लिफायर बसवला. मजुरी वाचवायची होती, आणि मलाही हाताने काही जमतं हे बाबांना दाखवायचं होतं. मी नोकरी सोडली तेव्हापासून, म्हणजे वर्षभर, आमचं बोलणं कामापुरतंच.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. पॉझिटिव्हवरून जाड वायर सीटखालच्या अँपपर्यंत आणली. स्टिरिओची सिग्नल केबल मुद्दाम दुसऱ्या बाजूने घेतली, खरखर नको म्हणून. निगेटिव्ह परत जोडून गाडी सुरू केली, तर गाण्यामागे कुंईऽऽ! ॲक्सिलरेटर दाबला की आणखी चढायची.

बाबा पायरीवर पेपर वाचत होते. जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस, पण तासभर एक शब्द नाही. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, जरा बघता का?"

ते वाकले. "रंगावरच स्क्रू मारलायस. अर्थिंग कसं मिळणार? पत्रा खरवड." मग बॅटरीकडे बघून, "आणि फ्यूज?"

"अँपला आहे की!"

"तो अँपचा. मधेच वायर घासून बॉडीला लागली तर गाडी पेटेल. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत घाल."

पत्रा खरवडला, फ्यूज घातला. कुंई गेली.

"आधी का नाही बोललात?"

"तू विचारलंस कुठे?"

असो. मग दोघंही गाडीत बसून राहिलो. आवाज त्यांनीच वाढवला.