टीपकागदावरचा थेंब

ट्रॅक्टरच्या इंजिनातलं तेल वाढलंय, ही बातमी मामेभावाने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितली. जुनं इंजिन तेल जाळतं, गाळतं, वाटेने टिपकत जातं, हे आपण गृहीत धरलेलं. पण कुणी न ओतता गेजच्या दांडीवर तेल वरच्या खुणेच्याही वर चढलं, तर ती बरकत नव्हे.

पाणी शिरलं असतं तर लगेच कळलं असतं. तेल दुधाळ होतं, तापल्या तव्यावर थेंब टाकला की तडतडतं. डिझेल अशी चुगली करत नाही. डिझेल इंजिनातलं तेल काजळीने आधीच काळं असतं. त्यात डिझेल मिसळलं तरी काळंच राहतं, नुसतं पातळ होतं. नेवाशाकडच्या मिस्त्रीने दांडी ओढली, तेल दोन बोटांत चोळलं, बोटं फाकवून पाहिली. तार धरेना. मग नाकाशी नेलं. "दादा, डिझेल उतरलंय. चालू करू नका," म्हणाला आणि चहा मागवला.

पातळ तेल क्रँकच्या बेअरिंगला सांभाळत नाही, ऑइल प्रेशर पडतं. आणि चेंबर फारच भरलं तर इंजिन ते तेलच वर ओढून जाळू लागतं. मग बंद करायची तार कितीही ओढा. पंपाचं डिझेल तोडून उपयोग नसतो, रेस आपली चढतच जाते. हवेची वाट कोंबून बंद करावी लागते.

नोझल टिपकत असतं तर धुराने सांगितलं असतं, सकाळी एखादा सिलिंडर अडखळला असता. तसं काही नव्हतं. म्हणून संशय फीड पंपावर. त्यात एक रबरी पडदा असतो; एका अंगाला डिझेल, दुसऱ्या अंगाला थेट इंजिनाचं पोट. टाकी वर, इंजिन खाली, त्यामुळे पडद्याला चीर गेली की ट्रॅक्टर उभा असतानाही झिरपत राहतं. मिस्त्रीची तपासणी फुकटातली होती: एका रात्री टाकीचा कॉक बंद ठेवायचा, दुसऱ्या रात्री उघडा, आणि सकाळी दांडी बघायची. पडदा फाटलेलाच निघाला. तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावे लागले.

मी मात्र मधल्या वेळात दांडीच्या टोकाचा थेंब टीपकागदावर सोडला होता. मिस्त्री हसला. मध्ये काजळीचं काळं वर्तुळ, त्याभोवती करडं, आणि बऱ्याच वेळाने सर्वांत बाहेर एक फिकट, ओलसर कडं. डिझेल हलकं, काजळीला मागे टाकून कडेला जाऊन बसतं.

असे थेंब पसरताना बघत बसण्याचा नाद फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला होता. जन्म 1794, हॅम्बुर्गजवळचा. विषारी वनस्पतीच्या रसाने डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, हे त्याने 1819 मध्ये येना इथे महाकवी गटेला मांजराच्या डोळ्यावर दाखवलं. गटे खूश झाला आणि कॉफीच्या बिया हातावर ठेवून म्हणाला, यांचंही बघ. रुंगेने त्यातून कॅफीन वेगळं काढलं. पुढे ओरानिएनबुर्गच्या कारखान्यात दगडी कोळशाच्या डांबरातून ॲनिलिन आणि कार्बोलिक ॲसिड. पण जीव अडकला टीपकागदात. कागद एका द्रावणात भिजवायचा, वर दुसऱ्याचे थेंब सोडायचे, की निळी-तपकिरी वलयं आपोआप उमटतात. त्याच्या 1855 च्या पुस्तकात ही चित्रं छापलेली नव्हती. प्रत्येक प्रतीत खरेखुरे डाग चिकटवलेले होते. म्हणजे कुठलीच प्रत दुसरीसारखी नाही. पदार्थांना आकार घेण्याची मुळातच ओढ असते, असं त्याला वाटे. शास्त्र म्हणून हे टिकणारं नाही, तरी मला त्याच्या शोधांपेक्षा ही समजूतच जास्त आवडते. ॲनिलिन काय, दुसऱ्या कुणीतरी काढलंच असतं.

हाच गृहस्थ म्हातारपणी घरसंसाराची पत्रं लिहीत असे: फळांची वाईन कशी करावी, कपड्यावरचा गंजाचा डाग कसा घालवावा. डिझेलच्या डागाबद्दल त्यात काही असणं शक्यच नाही. रुंगे 1867 मध्ये गेला आणि रुडॉल्फ डिझेलचं इंजिन धड चाललं ते 1897 मध्ये. माझ्या शर्टाच्या बाहीवर वहिनींनी ज्वारीचं पीठ चोळायला सांगितलं. तेलाचा डाग बराचसा गेला. वासाला मात्र त्यांच्याकडेही औषध नव्हतं.